तीन सिलिंडरची वहिनी

आमच्या इंदूवहिनी कोणतंही इंजिन पारखायला गेल्या की आधी त्याच्या बोनेटवर चहा ठेवतात. काठोकाठ भरलेला स्टीलचा गिलास. इंजिन चालू. मग कमरेवर हात ठेवून, मान जराशी तिरपी करून त्या गिलासाकडे पाहत राहतात. चहावर लहर कोणत्या बाजूनं उठते, काठाला कशी लागते, सांडते की बसते. तोवर ड्रायव्हर, मालक, दलाल सगळे मुकाट उभे. कोणी तोंड उघडलंच तर वहिनी त्याच्याकडे न पाहता म्हणतात, "चूप बस गा, त्याले बोलू दे." त्याले म्हणजे इंजिनाला. चहा सांडला तर इंजिन नापास. नाही सांडला तर उभ्या उभ्या तो चहा पिऊन टाकतात, पदरानं ओठ पुसतात आणि मग निकाल सांगतात.

चहाचा आणि इंजिनाच्या तब्येतीचा काडीइतका संबंध नाही, हे गावातल्या मेकॅनिकनं मला शपथेवर सांगितलं आहे. खालची रबरं नवी असली की गिलास हलत नाही, मग इंजिन आतून कितीही खंगलेलं असो. मी मोठ्या उत्साहानं ही माहिती वहिनींना दिली. त्या म्हणाल्या, "त्याले म्हना, तू तुह्या पान्याचं पाह्य. माह्या चहाचं मी पाह्यते." संपला विषय. वहिनींशी वाद घालणं म्हणजे पावसाळ्यात काळ्या वावरात जीप घालणं आहे. जितका जोर लावाल तितके आत जाल.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दर्यापूरकडच्या एका गावाच्या कडेला आमचं घर आहे. घरामागे नाला, नाल्यापलीकडे आमचं वावर. दादांना मूलबाळ नव्हतं. काही वर्षांपूर्वी दादा वावरातच, ट्रॅक्टरवर बसल्या जागी गेले. हृदयविकाराचा झटका. मी तेव्हा अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. तेरवीनंतर सगळ्या सोयऱ्यांनी वहिनींना घेरलं. आता वावर मक्त्यानं द्या, अकोल्याला दिराकडे चला, बाईमाणसाला एकटीला झेपणार नाही, वगैरे. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कावून? मी मेली काय?"

दादांचा ट्रॅक्टर तेवढा त्यांनी विकून टाकला. तो परत घराच्या दारात उभा राहू दिला नाही. मग भाड्याच्या मशीनवर शेती सुरू केली. कोणाचा ट्रॅक्टर नांगरटीला, कोणाचा पेरणीला, काढणीला पंजाबातून येणारे हार्वेस्टरवाले. आणि तिथूनच ही गिलासाची परीक्षा सुरू झाली. गावातले ट्रॅक्टरवाले आधी हसले, मग चिडले, मग सवयीचे झाले. एकानं तर नाकारलं जाण्याच्या धास्तीनं वहिनींच्या कामावर यायच्या आधी ऑइल बदलून घेतलं. हे कळल्यावर वहिनी म्हणाल्या, "पाह्यलं? चहानं ऑइल बदललं." मी कपाळाला हात लावला.

पंजाबातला एक सरदारजी दरसाल हरभऱ्याला आमच्या गावाशेजारी डेरा टाकतो. पहिल्या वर्षी वहिनी गिलास घेऊन त्याच्या त्या अवाढव्य मशीनपाशी गेल्या. मशीनची शिडी चढून वर गेल्या, साठीच्या बाई, नऊवारी नाही पण पाचवारीचा ओचा खोचून.

"भैया, इंजन चालू करो. चाय रखनेका है."

"माताजी, चाय हम ऐसे ही पी लेंगे, ऊपर क्यों रखना?"

"तुमको नई, इंजनको रखनेका है."

सरदारजीनं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. पण इंजिन पास झालं, वहिनींनी त्याला घरी नेऊन भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा खाऊन तो घामानं निथळला आणि तेव्हापासून वहिनींचा भक्त झाला. आता तो गावात शिरला की पहिल्यांदा बोनेट पुसून ठेवतो.

इंजिनांबद्दल वहिनींचं स्वतःचं एक शास्त्र आहे. ते कोणत्याही पुस्तकात नाही, असूही शकत नाही. "चार सिलिंडर म्हंजे पुन्याचा मानूस," त्या सांगतात. "गोड गोड बोलते, पन पोटात काय हाये थे समजू देत नाई. तीन सिलिंडर म्हंजे आपला वऱ्हाडी. वझं झालं तं कन्हते, राग आला तं बोंबलते, काम झालं तं हाश्हुश करून गप बसते. आन् सहा सिलिंडर म्हंजे पंजाबचा पाव्हना. वर्षातून एकडाव आला तं ठीक." पुण्याच्या माणसांनी रागावू नये. माझा मुलगाही पुण्यातच असतो आणि तोही हे ऐकून घेतो.

याच मुलाचं लग्न जमवताना आम्ही पातूरला मुलगी पाहायला गेलो होतो. हिवाळ्याची सकाळ. आम्ही आत पोहे खात होतो, मुलगी चहा घेऊन आली, सगळे तिच्याकडे पाहतात तर वहिनी जागेवर नाहीत. त्या अंगणात. व्याह्यांचा ट्रॅक्टर सुरू होताना उभं राहून ऐकत होत्या. परत आल्या आणि मुलीला एक शब्द न विचारता जाहीर केलं, "सोयरीक पक्की करा." परतीच्या वाटेवर मी खवळून विचारलं, अहो, मुलगी तरी पाहिली का? वहिनी म्हणाल्या, "येवढ्या थंडीत इंजिन एका सेल्फात चालू झालं, भाऊजी. म्हंजे या घरचे लोक सगळं येळच्या येळी करतात. अशा घरची पोरगी कायले पाह्याले लागते?" सून सोन्यासारखी निघाली, हे मला कबूल करावं लागतं. पण म्हणून ती पद्धत बरोबर ठरत नाही.

चिखलदऱ्याची सहल तर विचारूच नका. आम्ही सगळे जीपमधून गेलो. वहिनींनी अख्खा घाट डोकं खिडकीबाहेर काढून पार केला. दऱ्या पाहायला नाही, इंजिन ऐकायला. प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला, "अरे उतर ना खाली गिअरात, कावून त्याचा जीव घेऊन राह्यला!" वर पोचल्यावर आम्ही दरीकडे तोंड करून वा वा म्हणत होतो आणि वहिनी दरीकडे पाठ करून रस्त्यावरचा रोलर पाहत होत्या. फोटोत सगळ्यांचे चेहरे आहेत, वहिनींचा अंबाडा आहे.

आणि त्या नेहमी बरोबर असतात असंही नाही, हे मला ठणकावून सांगायचं आहे. एकदा त्यांनी दर्यापूरच्या बाजारातून जुनं डिझेल इंजिन आणलं, नाल्यातून पाणी उपसायला. मेकॅनिक नको म्हणत होता, मी नको म्हणत होतो. वहिनी म्हणाल्या, आवाज पाहा किती गोड आहे. त्या गोड इंजिनानं ऐन कपाशीच्या पाण्याच्या वेळी मान टाकली आणि परत उचलली नाही. मी विजयी मुद्रेनं वहिनींसमोर उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "मेलं तं मेलं. पन मरेलोक खरं बोललं."

"बोलतं इंजिन पायजे" हे त्यांचं पालुपद. जे इंजिन बोलत नाही ते मुकं. मुलानं पुण्याहून बॅटरीवर चालणारी स्कूटर आणली तेव्हा वहिनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, "जितं हाये का मेलं, थे कसं वळखाव गा?" आणि बसायला साफ नकार दिला.

आता मुख्य भांडणाकडे येतो. मी निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन गावी परत आलो. वहिनींच्या घराला लागूनच आमचं दोन खोल्यांचं घर आहे, मधली भिंत एक. वावर सामायिक. ठरवलं की उरलेलं आयुष्य शेती करायची आणि नीट करायची, भाड्याच्या मशीनची वाट पाहत नाही. मला स्वतःचा ट्रॅक्टर हवा होता, आणि नुसता ट्रॅक्टर नाही, त्याच्यावर बसवायचं हार्वेस्टरही. गावातलं पहिलं. सरदारजीची वाट गावानं कशाला पाहायची, माझ्याकडे यायचं. छाती फुगवून सांगतो, हे माझं स्वप्न होतं. छातीचं नाव निघालंच आहे तर हेही सांगतो, की गेल्या वर्षी माझ्या छातीत स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले काम करा, पण उन्हातली दगदग नको. म्हणून मला केबिनचा ट्रॅक्टर हवा होता. एसी केबिन. माझं वय झालंय, मी आयुष्यभर पोरांच्या रंगपेट्या सांभाळल्यात, मला थोडी थंड हवा मिळाली तर कोणाचं काय जातं?

मी कामाला लागलो. दुपारभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक माणूस पंजाबीत सांगायचा, एक राजस्थानीत, एक कोण जाणे कोणत्या भाषेत. पण इंजिन मला समजायला लागलं. मुद्दा सोपा आहे. हार्वेस्टर चालवायला पन्नास हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन लागतं. आणि हल्ली नव्यात पन्नासच्या वरची इंजिनं सेन्सरवाली येतात. आतला कॉम्प्युटर पाहतो की लोड किती आला, त्याप्रमाणे डिझेल देतो. इंजिनाचा वेग जराही पडत नाही. पन्नासच्या खालची तीन सिलिंडरची इंजिनं अजून जुन्या पंपावर चालतात. लोड आला की वेग पडतो, इंजिन कण्हतं, मग सावरतं. ती साधी असतात, गावातला मेकॅनिक खोलू शकतो, पण हार्वेस्टर त्यांना पेलवत नाही. म्हणजे माझं स्वप्न हवं तर सेन्सरवालंच हवं. हे सगळं मी वहिनींना फळ्यावर आकृती काढून समजावलं. हो, फळा होता घरात, मी शाळेतून आणलेला.

वहिनी तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "आना, पाहू बोलते का."

अमरावतीच्या शोरूममधून सेल्समन ट्रॅक्टर घेऊन आला. पांढरी केबिन, काचा, आत गाणी, थंड हवा. हरभरा निघून वावर मोकळं झालेलं होतं. मी वहिनींना म्हटलं, चला वावरात, गिलास घ्या. त्या म्हणाल्या, "तुमी जा. मी अथीच बसते." म्हणजे घरीच. मागच्या ओट्यावर. मला वाटलं, चला, चहाची नाटकं तरी टळली.

मी केबिनमध्ये चढलो. अहाहा. बाहेर ऊन, आत माथेरान. मी नांगर टाकला, चार तासं, म्हणजे नांगराच्या चार ओळी ओढल्या, वळवला, थांबलो, परत टाकला. सेल्समन माझ्या कानाशी, "सर, नांगर जमिनीत असो की वर, आवाज एकदम सेम. जाणवतं तरी का?" खरंच नव्हतं जाणवत. मी प्रसन्न होऊन घरी आलो. वहिनी ओट्यावर सूप घेऊन वावराकडे पाठ करून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नापास."

"अहो, तुम्ही पाहिलं तरी का?"

"पाह्याचं काय त्याच्यात? मले काईच समजलं नाई. तुमी कई नांगर टाकला, कई वळले, कई थांबले, काईच नाई. सकाळधरून एकच गुंईईई."

सेल्समन हरखून पुढे आला. "ताई, तीच तर टेक्नॉलॉजी आहे!"

"मंग ने बाप्पा, तुही टेक्नालाजी तुह्या घरी ने."

माझं डोकं फिरलं. मी बोललो, मोठ्यानं बोललो, शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं. "घरी बसून इंजिन कळतं का वहिनी? चालवणार मी, वावरात असणार मी, तुम्हाला ओट्यावर बसून काय करायचंय?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "मले घरूनच समजलं पायजे," त्या म्हणाल्या. "नाई समजलं तं थे मशीन माह्या वावरात चालनार नाई. मी सांगून ठेवते."

मला हे निव्वळ आडमुठेपण वाटलं. मी सेल्समनला सांगितलं, माझाही अर्धा हिस्सा आहे वावरात, उद्या पुन्हा घेऊन या, हार्वेस्टर लावून दाखवा, गावाला बोलावतो. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं जमली. ट्रॅक्टर हार्वेस्टरसह पांदण रस्त्यानं येऊ लागला. पांदण अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण. आणि पांदणीच्या तोंडाशी वहिनींनी आडवी खाट टाकलेली. त्यावर वहिनी. हातात पंखा. ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला. वहिनींनी पंखा हलवला. सेल्समन खाली उतरून हात जोडू लागला, मी ओरडू लागलो, माझी बायको, "अवो तुमचं बीपी वाढन," म्हणत मला मागे ओढू लागली.

वहिनी म्हणाल्या, "आना अंगावर. मी काई उठत नाई."

आता अंगावर कसा आणणार? पांदणीत वळायला जागा नाही. त्या पांढऱ्या केबिनला अख्खी पांदण मागे मागे जावं लागलं, आणि गावानं टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नाही, वहिनींसाठी. माझ्या हार्वेस्टरचं स्वप्न त्या खाटेवर संपलं.

आठवडाभरानं वहिनींनीच निरोप पाठवला, भिंतीपलीकडून, कारण आम्ही बोलत नव्हतो. "तीन सिलिंडर आना. पाह्यते." आणला. केबिन नाही, काच नाही, डोक्यावर पत्र्याचा तुकडा. पुन्हा मी वावरात, वहिनी ओट्यावर. हा ट्रॅक्टर मात्र नांगर टाकताच कण्हला, वळणावर सुटल्यासारखा ओरडला, पुन्हा कण्हला. घरी आलो तर वहिनी वाटच पाहत होत्या. तोंडावर हसू.

"पयल्या तासाले नांगर लय खोल गेला, मंग तुमी वर घेतला. खरं का नाई?"

"खरं," मी म्हणालो.

"मंग लिंबापाशी थांबले. कावून?"

"लघवीला."

"हाव, थे समजलं," वहिनी म्हणाल्या. "घ्या. पास हाये."

मी तो ट्रॅक्टर घेतला. थकलो होतो म्हणून घेतला, पटलं म्हणून नाही. सगळ्या गावाला सांगत सुटलो की एका बाईच्या हट्टापायी माझी केबिन गेली, हार्वेस्टर गेलं, आता मी म्हातारपणी उन्हात धूळ खाणार. वहिनींच्या कानावर सगळं गेलं असणार. त्यांनी ट्रॅक्टरची पूजा केली, नारळ फोडला, खोबऱ्याचा मोठा तुकडा मला दिला.

नांगरटीचा दुसरा की तिसरा दिवस. सकाळची वेळ. मी अर्धं वावर उलटवलं होतं. पुण्याहून मुलाचा फोन आला. नांगर वर उचलला, ट्रॅक्टर जागेवर उभा केला, आणि इंजिन तसंच चालू ठेवून लिंबाच्या सावलीत जाऊन बसलो. फोन लांबला. नातवानं काहीतरी गाणं म्हणून दाखवलं, ते मला इंजिनामुळे ऐकू येत नव्हतं म्हणून मी आणखी दूर, झाडाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. ट्रॅक्टर मागे एका सुरात धडधडत होता.

फोन ठेवून मी वळलो तर नाल्याकडून कोणीतरी येत होतं. रस्त्यानं नाही, सरळ नांगरटीतून. ही मोठाली काळी ढेकळं, भल्या पायाची माणसं त्यात पडतात. साडी गुडघ्यापर्यंत वर ओढलेली, पाय अनवाणी, डोक्यावर पदर नाही. पडली, उठली, परत धावू लागली. ट्रॅक्टरपाशी पोचली, रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि वाकून चाकाखाली पाहू लागली. तेव्हा मला कळलं की त्या वहिनी आहेत.

"वहिनी!" मी ओरडलो. "इकडे! काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चालत माझ्यापर्यंत आल्या आणि माझं मनगट धरलं. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या कणकेनं भरलेले होते. 

"कावून थांबले?"

"फोन आला होता. प्रशांतचा."

"मंग इंजिन बंद कराले काय झालं होतं?" त्या एकदम कडाडल्या. "हात मोडले होते काय? अक्कल हाये का नाई तुले?"

लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मीही भडकलो. म्हटलं, एक फोन घेतला तर एवढा कसला तमाशा, डिझेल काय समुद्रभर जळलं का? वहिनींनी माझं मनगट सोडलं आणि तिथंच ढेकळावर बसल्या. मी ट्रॅक्टर बंद केला. एकदम सगळं शांत झालं.

"तुमचे दादा गेले त्या दिवशी बी असंच झालं," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "मी घरी सैपाक करत होती. इंजिन कन्हे, वळे, कन्हे. मंग एकाच सुरात चालत राह्यलं. लोड नाई, वळन नाई, काई नाई. मले आयकू येत होतं, भाऊजी. मी म्हटलं, धुऱ्यावर कोन्ही भेटलं असन, बोलत असतीन. मी कनीक मळून घेतली. पोया बी लाटून घेतल्या. शेवटची पोई टाकली तरी आवाज तसाच. मंग पोया थंड होतीन म्हून बलावाले आली."

 दादा ट्रॅक्टरवर गेले हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती.

"डाक्टर म्हने, आधी आल्या असत्या तरी काई झालं नसतं. त्याले काय जाते सांगाले?" त्यांनी हातावरची वाळत चाललेली कणीक खरवडायला सुरुवात केली. "इंजिन बिचारं सांगत होतं. मलेच समजलं नाई. आता तुमच्या छातीत थे लोखंड बसवलं. आन् तुमी म्हनता मुकं मशीन आना, काचा लावून आत बसतो. आना ना. मंग मी घरी बसून काय आयकू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळ्या गावाला जे सांगत सुटलो होतो ते एकेक आठवलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि आमच्याकडे दीर भावजयीच्या पाया पडतोही. पण मी खाली वाकू लागलो तर वहिनी ताडकन उठल्या.

"हे नाटकं नोको. अर्धं वावर बाकी हाये, ऊन चढून राह्यलं. चालू करा."

"बसा जरा वहिनी. पाणी प्या. मी सोडून येतो तुम्हाला घरी."

"कावून? मले पाय नाईत काय?"

त्या निघाल्या, पुन्हा त्याच ढेकळांतून. आता पायाला लागत असावं, लंगडत होत्या. मी सीटवर चढलो आणि इंजिन सुरू केलं. वहिनी चार पावलं चालायच्या आणि मागे वळून माझ्याकडे पाहायच्या. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. मी नांगर खाली सोडला. फाळ काळ्या मातीत बसला, इंजिनानं लोड घेतला आणि ते जोरात कण्हलं. वहिनींनी मागे पाहणं सोडलं. डोक्यावर पदर घेतला आणि सावकाश घराकडे चालू लागल्या.